बारा बटनांची हजेरी

नरहरी लांजेवारांनी चौतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली आणि तेवढ्या वर्षांत एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला: माणूस जिथे आहे असं कागद म्हणतो, तिथे तो नसतो. कार्ड पंच झालेलं असतं, टोकन खुंटीला लटकलेलं असतं, आणि टोकनाचा मालक तळ्याच्या पाळीवर गळ टाकून बसलेला असतो. असे एकशे अकरा जण त्यांनी पकडले होते. एकाला तर लग्नाच्या मांडवातून पकडलं. नवरदेव त्या वेळी कागदोपत्री बी शिफ्टला हजर होता. नरहरींनी अक्षता टाकल्या, जेवले, आणि मग गैरहजेरी लावली.

रिटायर होऊन कुरुदला घर बांधल्यावर ही विद्या वाया जाऊ नये म्हणून समाजाच्या मंडळानं त्यांना वधू-वर परिचय पुस्तिकेचं काम दिलं. मंडळाला वाटलं होतं, म्हातारा फॉर्म गोळा करेल आणि टाइप करेल. नरहरींनी पडताळणी सुरू केली. मुलगा शाकाहारी आहे म्हटलं की ते त्याच्या गल्लीतल्या अंडेवाल्याकडे चौकशी करत. उंची पाच सात लिहिली की टेप घेऊन घरी जात. मागच्या वर्षी त्यांनी अकरा मुलांची मिळून दोन फूट उंची कमी केली होती.

आता या वर्षी पंचाईत घरातच झाली होती. त्यांची मुलगी समृद्धी, वय सत्तावीस, धमध्याला बँकेत नोकरीला. तिला सुमेध बोरकर नावाच्या मुलाशी लग्न करायचं होतं. सुमेधचं कोहक्यात कॉम्प्युटरचं दुकान होतं, वडील नंदिनी नगरच्या खाणीतून रिटायर झालेले. नरहरींनी आठ महिने पडताळणी केली. नंदिनी नगरला चार खेपा केल्या. चहावाला, किराणावाला, शाळेचा चपराशी, सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, पोरगा चांगला आहे. एकानं सुद्धा नाक मुरडलं नाही. आठ महिन्यांत एक दोष सापडला नाही, आणि यापेक्षा मोठा दोष नरहरींनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"इतका चांगला माणूस राहत नसते," ते बायकोला म्हणाले. "कोणीतरी याची हजेरी लावून राहिलं."

"मी बी तुमाले बिनचौकशीचंच केलं," शीलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "भोगूनच राहिली ना."

मग एका रविवारी समृद्धी समोर येऊन बसली. हातात एक फॉर्म होता.

"बाबा, पुस्तिका छापायला कधी जाते?"

"पुढच्या शनवारी. संध्याकाळी पाच वाजता."

"त्यात माझं नाव आहे?"

होतं. दरवर्षी असायचं. नोंद क्रमांक अठ्ठ्याऐंशी, उंची स्वतः मोजलेली.

"मग सीधी बात आहे. सुमेधला हो म्हणायचं असेल तर माझं नाव काढा. नाही म्हणायचं असेल तर राहू द्या, छापा. पण मग मी हा फॉर्म देते. अंबिकापूरची बदली आहे. रात्रभराचा प्रवास, घरी वर्षातून दोनदा. तुम्हाला टेप घेऊन यायला जमणार नाही."

"धमकी देऊन राहिली का?"

"नाही. तारीख देऊन राहिली."

तारखेपुढे टाइम ऑफिसवाला माणूस बोलूच शकत नाही.

त्यात अंगठा दुखायला लागला. दोनशे चौदा नोंदी, प्रत्येक नोंदीत पंधरा रकाने, आणि प्रत्येक रकान्यात इथलं उचल, तिथं चिकटव. डॉक्टर म्हणाले, शीर सुजली आहे, जुना माऊस फेका आणि एखादा मोठा, अख्खा हात टेकेल असा घ्या. गेम खेळणारी पोरं वापरतात तो, त्याला बाजूला बटनं असतात, उचलणं-चिकटवणं एका बोटात होतं. नरहरींनी डॉक्टरकडे नीट पाहिलं. डॉक्टर कोहक्यात राहत होता. पण सल्ला कामाचा होता. माऊसही होईल आणि अचानक तपासणीही होईल. टाइम ऑफिसात याला सरप्राइज चेक म्हणत. सुमेधनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, असा त्यांचा हिशोब होता.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता ते दुकानात शिरले. काउंटरमागे तिशीचा, चष्मा लावलेला एक मुलगा होता. त्यानं नरहरींना पाहिलं आणि हातातला पेचकस खाली पाडला.

"या काका. बसा. चहा सांगू? बिनसाखरेचा?"

"बिनसाखरेचा कावून?"

"असंच. अंदाजानं."

नरहरींनी मनात टिपलं. शुगरची गोष्ट घराबाहेर फक्त दोघांना माहीत होती, आणि त्यातला एक वारला होता.

"माऊस पाहिजे," ते म्हणाले. "बटनांवाला."

सुमेधनं सहा डबे काढून ठेवले. नरहरींनी एकेक डबा कानाशी नेऊन हलवला, मग उलटा करून हलवला.

"यात वायर कुठी हाये?"

"वायरलेस आहे काका. हा नखाएवढा तुकडा कॉम्प्युटरला लावायचा. याला डोंगल म्हणतात. माऊस याच्याशी बोलते."

"आणि हा?"

"हा कॉम्प्युटरशी."

"या दोघांचं काय बोलणं होते, ते मले ऐकू येईन?"

"नाही, ते कसं ऐकू येईल."

"तेच म्हणतो मी. वायर असली म्हणजे माणसाले दिसते, कोण कुठी बांधला हाये." त्यांनी डब्यावरचं चित्र डोळ्यांजवळ नेलं. "आणि बटनं बारा कावून? एका हाताले अंगठा तं एकच हाये."

"गेममध्ये लागतात. तुम्ही दोनच वापरा. एक कॉपी, दोन पेस्ट."

"म्हणजे दहा बटनं बसून पगार खातीन."

सुमेधला हसू आलं, पण त्यानं ते खोकल्यात काढलं. नरहरींनी खोकलाही टिपला. मग त्यांनी सहाही डबे हातानं बाजूला सारले.

"हे सारे सीलबंद हायेत. आत काय हाये कोणाले माहीत."

"काका, नवीन वस्तू सीलबंदच येते."

"तू सोता कोणता वापरतोस?"

सुमेधचा हात आपोआप काउंटरवरच्या माऊसवर गेला. काळा, फुगीर, कासवाएवढा. अंगठ्याच्या बाजूला तीन-तीनच्या चार ओळींत बारा बटनं. पोटाखालून निळा उजेड हळूहळू वाढत होता आणि हळूहळू मिटत होता.

"हा माझा आहे. जुना आहे, पाच वर्षं झाली."

"हाच दे."

"काका, पण..."

"दुकानदार सोता जे खाते तेच गिऱ्हाइकानं खावं. डब्यातला मले नको."

सुमेधचा चेहरा जरा उतरला. "ठीक आहे. पण याच्यात माझं सेटिंग भरलं आहे. माऊसच्या पोटात छोटी मेमरी असते, बटनांवर काय काय ठेवलं ते तिथंच राहते. कुठंही लावला तरी तेच चालते. दोन मिनट द्या, मैं सब साफ कर देता हूँ।"

हे 'साफ' ऐकताच नरहरी खुर्चीवरून उठले. टाइम ऑफिसचा पहिला नियम होता, रजिस्टरात खाडाखोड नाही. चुकलं तर एक सरळ रेघ, बाजूला सही, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. ब्लेडनं खरवडणारा माणूस चोर असतो. पुसायची घाई असणारा त्याहून मोठा.

"काही साफ करायचं नाही. जसा हाये तसा पाहिजे."

"काका, तुमच्याच सोयीसाठी..."

"माझी सोय मी पाहतो. एक आणि दोन तेवढं लावून दे. माझ्या डोळ्यांसमोर. बाकीच्याले हात लावायचा नाही."

सुमेधनं एकवर कॉपी लावलं, दोनवर पेस्ट लावलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. बाकीच्या दहा बटनांकडे तो असा पाहत होता, जसा माणूस चालत्या गाडीतून फलाटावर राहिलेल्या सामानाकडे पाहतो. नरहरींनी पैसे दिले, पक्कं बिल घेतलं आणि बिलावर त्याच्याकडून लिहून घेतलं, 'खाडाखोड केलेली नाही'.

घरी आल्यावर माऊस चालला मात्र झकास. बुधवारी दुपारपर्यंत पस्तीस नोंदी झाल्या आणि अंगठ्याची कळ थांबली. फक्त तो उजेड नरहरींना पटला नाही. ते काम थांबवून पाणी प्यायला उठले तरी माऊस टेबलावर एकटाच उजळत होता, मिटत होता.

"हा श्वास घेते," त्यांनी शीलाबाईंना सांगितलं.

"घेऊ द्या ना. तुमी बी घेता."

त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणली आणि काम नसताना माऊसवर पालथी घालायला सुरुवात केली. शीलाबाई दोन दिवस वाटी शोधत होत्या.

बुधवारी चारच्या सुमारास ते एकेचाळीस नंबरच्या नोंदीवर होते. नंदिनी नगरची मुलगी, एम.कॉम. नरहरी रोमन अक्षरांत टाइप करत आणि कॉम्प्युटर त्याचं देवनागरी करून देई. 'अपेक्षा'च्या रकान्यात त्यांनी 'निर्व्यसनी, सरकारी नोकरी' लिहिलं, माऊस धरला, आणि खाली आपोआप एक ओळ उमटली.

पीछे देख

नरहरींनी मागे पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीवर गॅस एजन्सीचं कॅलेंडर होतं. त्यांनी कॅलेंडर उचलून त्याच्याही मागे पाहिलं. मग खिडकी, मग पलंगाखाली.

"माझ्या मागं कोण होतं आता?" त्यांनी हाक मारून विचारलं.

"तीस वर्षांपासून मीच हावो," आतून उत्तर आलं.

गुरुवारी सकाळी आणखी एक ओळ आली. या वेळी मधल्याच एका मुलाच्या गोत्राखाली.

रुक जा, मैं आ रहा हूँ

नरहरी थांबले. कोणी येतो म्हटल्यावर थांबायला पाहिजे, हा त्यांचा स्वभाव. हात मांडीवर ठेवून ते दाराकडे पाहत बसले. दहाव्या मिनिटाला बेल वाजली. दारात धनंजय उभा होता, मंडळाचा सचिव.

"काका, इकडून चाललो होतो, म्हटलं पुस्तिकेचं विचारून घ्यावं."

"तू येऊन राहिला हे तू कोणाले सांगितलं होतं?"

"कोणालेच नाही. अचानकच सुचलं."

"तेच तं."

त्यांनी धनंजयला बसवलं, चहा दिला आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्या अंगठ्यांकडे पाहत राहिले. अंगठे साधे होते, बटनं दाबणारे वाटत नव्हते. धनंजयला बिचाऱ्याला वाटलं, आपल्या नखांत काही आहे. त्यानं चहा लवकर संपवला.

त्या दुपारी नरहरींनी सगळं जुळवून पाहिलं. वायर नाही. माऊस डोंगलशी बोलतो, काय बोलतो ते ऐकू येत नाही. माऊस सुमेधचा. म्हणजे तो पोरगा कोहक्यात बसून कुरुदचा कॉम्प्युटर चालवतो आहे. त्यांनी इंटरनेट बंद केलं. खिडक्या लावल्या. पडदे ओढले. एप्रिलचा महिना होता, शीलाबाई पदरानं वारा घेत दारात आल्या, पाहून परत गेल्या. आणि पडद्याआड, घामाघूम अवस्थेत, नरहरींच्या डोळ्यांसमोर स्क्रीनवर उमटलं: 'तू जा, मैं संभालता हूँ'.

"मी कावून जाऊ," नरहरी स्क्रीनला म्हणाले. "घर माझं हाये."

शनिवार उजाडला. महिन्यातला दुसरा शनिवार, समृद्धीला सुट्टी. पाच वाजता फाईल छापखान्यात जाणार होती आणि अठ्ठ्याऐंशी नंबर अजून जागच्या जागी होता. समृद्धीनं सकाळी चहाच्या वेळी फॉर्म टेबलावर ठेवला, भरलेला, सही केलेला.

दुपारी दोन वाजता नरहरी वाटी काढून कॉम्प्युटरसमोर बसले. आता सापळा लावायचा होता. त्यांनी कोरं पान उघडलं आणि टाइप केलं:

कोण आहेस?

वाट पाहिली. काही आलं नाही. पाच मिनिटांनी कंटाळून त्यांनी पान बंद करायला माऊस धरला. ओळ उमटली.

सॉरी भाई, मेरी गलती

कबुलीजबाब. चौतीस वर्षांत इतक्या लवकर कोणी कबूल झालं नव्हतं. फक्त 'भाई' त्यांना खटकलं. होणाऱ्या सासऱ्याला भाई म्हणणारा मुलगा. त्यांनी घाईघाईनं पुढचा प्रश्न टाकला.

माझ्या घरात काय पाहून राहिला?

आणि आता त्यांच्या लक्षात आलं की उत्तर हवं तर हात माऊसवर ठेवावा लागतो. पोथीवर हात ठेवून शपथ घेतात तसा त्यांनी तो ठेवला.

पानी पी के आता हूँ, दो मिनट

नरहरी दोन मिनिटं थांबले. घड्याळ लावून थांबले. मग खरा प्रश्न विचारला. आठ महिन्यांपासून तो त्यांच्या घशात अडकला होता. चहावाल्याला विचारता येत नव्हता, किराणावाल्याला विचारता येत नव्हता.

माझी पोरगी तुले कावून पाहिजे?

त्यांनी माऊस धरला. ओळ आली.

पीछे देख

नरहरींनी मागे पाहिलं. मागे समृद्धी उभी होती.

तिनं स्क्रीन वरपासून खालपर्यंत वाचला. नरहरींना वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली नाही, तेच वाईट झालं.

"तुम्ही कोणाशी बोलून राहिले?"

"सुमेधशी."

"सुमेध आता दुकानात प्रिंटर खोलून बसला आहे. दोन मिनटं पहिले मला फोटो पाठवला. हे कोण आहे?" ती वाकली, माऊस उचलून उलटा केला. पोटावर एक छोटा हिरव्या बेडकाचा स्टिकर होता. "हा तर त्याचा माऊस आहे. हा स्टिकर मी लावला आहे. बाबा, हा तुमच्याजवळ कसा?"

"इकत घेतला. बिल हाये."

"म्हणजे तुम्ही चोरून त्याला पाहून आले. आणि आता त्याच्या माऊसची उलटतपासणी घेऊन राहिले." तिनं माऊस खाली ठेवला, अगदी हळू. "आठ महिने झाले बाबा. त्याला एकदा घरी बोलावून समोर बसवून हे विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं. पाचपर्यंत थांबते मी. मग फॉर्म पाठवते."

ती आत गेली. नरहरींनी माऊसकडे पाहिलं. मग डोंगल उपटून माऊसशेजारी ठेवला, दोघांवर वाटी घातली, वाटीखाली ताटली सरकवली, सगळं गमछ्यात बांधलं आणि स्कूटर काढली.

कोहक्यात दुकानापुढे गाडी लावून ते आत शिरले आणि गमछा काउंटरवर सोडला. सुमेधपुढे खरोखरच प्रिंटर खुला पडला होता आणि त्याचे दोन्ही हात काळे झाले होते.

"मी कोण हावो तुले माहीत हाये?"

"माहीत आहे काका. मंगळवारीच माहीत होतं. समृद्धीनं तुमचा फोटो दाखवला होता."

"मग बोलला कावून नाही?"

"तुम्ही नाही बोलले म्हणून. म्हटलं, तुमची चेकिंग चालू आहे, आपण मध्ये पडू नये."

उत्तर नियमात बसणारं होतं. नरहरींनी वाटी उचलली. माऊस आत उजळला आणि मिटला.

"आणि हा जो माझ्याशी बोलते, तो कोण हाये? माझ्या बायकोले विचार, पडदे लावले तरी बोलते. मले थांब म्हणते, कोण हायेस विचारलं की माफी मागते. तू इथं बसून करते का नाही?"

सुमेधनं चष्मा काढून पुसला, तो अजून काळा झाला. "काका, बटनं आहेत ती. गेम खेळताना हात खाली नसतात, टाइप करायला वेळ नसते. तर जे घडी घडी बोलावं लागते ते मी बटनावर ठेवलं आहे. बटन दाबलं की पूर्ण वाक्य लिहून येते. दुश्मन मागून आला की पाच नंबर, पीछे देख. तुमचा अंगठा लागत असेल. मी तर म्हटलं होतं, साफ करून देतो."

"म्हणजे तू तिथं नव्हता."

"नाही ना काका. नुसती माझी वाक्यं होती. मी इथंच होतो."

नरहरी स्टुलावर बसले. माणूस इथं, आणि तिथं त्याची हजेरी लागते आहे. प्रॉक्सी. साधी, सरळ, पहिल्या वर्षाच्या पोरानं ओळखावी अशी प्रॉक्सी. एकशे अकरा जणांना पकडणाऱ्या माणसानं पंच झालेलं कार्ड पाहून माणूस हजर धरला होता, आणि त्याला प्रश्न विचारले होते, आणि त्याच्यासाठी दोन मिनिटं थांबला होता.

"पाणी दे," ते म्हणाले. पाणी प्याले. मग त्यांच्या डोळ्यांत एक जुनी चमक आली. "हे जे घडी घडी बोलतोस म्हणून ठेवलं, हे कोणाले दाखवाले ठेवलं?"

"कोणालाच नाही. माझ्यापुरतं आहे."

"पाच वर्षांपासून तेच हाये?"

"एखादं सोडलं तर तेच आहे."

"कागद दे. आणि फुटपट्टी."

त्यांनी कागदावर रकाने आखले. क्रमांक, नोंद, रिमार्क. बायोडाटा माणूस दुसऱ्याला दाखवायला लिहितो. चहावाला लोकाच्या पोराबद्दल चांगलंच बोलतो. पण पाच वर्षं रोज इतक्यांदा बोलावं लागतं, की शेवटी बटनावर टाकून दिलं, अशा वाक्यांचं मस्टर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दुकानातल्या एका कॉम्प्युटरला डोंगल लावून त्यांनी तीन नंबर दाबला. 'भाई, हेल्मेट पहन'. चार, रुक जा. पाच माहीत होतं. सहा पाण्याचं, सात माफीचं. सातचं बटन बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेलं होतं, हे त्यांनी रिमार्कमध्ये लिहिलं. आठवर 'तू जा, मैं संभालता हूँ'. नऊवर होतं, 'गाली मत दो, साथ में बच्चा खेल रहा है'. दहावर 'मम्मी बुला रही है'.

अकरा दाबायच्या आधी सुमेध म्हणाला, "काका, ते राहू द्या."

नरहरींनी लगेच दाबलं.

उसकी बस आ गई, मैं चला

समोरून रस्त्यावर धमध्याहून येणारी बस जायची. नरहरींना ती बस चांगली माहीत होती. समृद्धी रोज वीस मिनिटं उशिरा घरी पोचते म्हणून त्यांनी त्या बसच्या ड्रायव्हरविरुद्ध दोन लेखी तक्रारी केल्या होत्या. ड्रायव्हरनं उत्तर दिलं होतं, बस वेळेवर आहे, आणि नरहरींनी त्याला खोटारडा ठरवला होता.

"वीस मिनटं," ते म्हणाले.

"समोर उसाचा रस मिळते," सुमेध म्हणाला. "तेवढाच वेळ."

"पाच वर्षं?"

"हे बटन तीन वर्षांपासून आहे. पहिले तिथं दुसरं होतं."

नरहरींनी रिमार्कात लिहिलं, 'खुलासा समाधानकारक'. बारावं बटन तीनदा दाबलं. काही आलं नाही. त्यांनी 'निरंक' लिहिलं आणि मग फुटपट्टी वरच्या दोन रकान्यांवर ठेवली. एक आणि दोन रिकामे होते.

"इथं पहिले काय होतं? माझं कॉपी-पेस्ट लावलं, त्याच्या खाली?"

ही एकच खाडाखोड झाली होती, आणि ती त्यांनी स्वतः, डोळ्यांसमोर करून घेतली होती. आता तिथं काय होतं हे जगात फक्त सुमेध सांगू शकत होता, आणि तो काहीही सांगू शकत होता. देवाचं नाव होतं म्हणाला असता तरी चाललं असतं. नरहरींनी पेन उघडून ठेवलं.

सुमेध काळ्या हातांकडे पाहत राहिला.

"दोनवर 'थँक्यू' होतं."

"आणि एकवर?"

"एकवर गाली होती काका."

"कशी?"

"मोठी होती. आईवरून."

नरहरींनी पेन खाली ठेवलं. आठ महिने. नंदिनी नगरच्या चार खेपा. "आणि नऊवर लिहून ठेवलं, गाली मत दो."

"ते मलाच आठवण राहावं म्हणून. एक दाबलं की मग नऊ दाबायचो. मग सात."

आठ महिन्यांत पहिल्यांदा नरहरींच्या खांद्यांवरचा ताण उतरला. म्हणजे हा मनुष्यप्राणी होता. चिडत होता, शिवी देत होता, मग स्वतःलाच टोकत होता, मग माफी मागत होता, आणि बस आली की सगळं सोडून जात होता. असा माणूस असू शकतो. अशा माणसाची नोंद घेता येते. त्यांनी पहिल्या रकान्यात लिहिलं, 'शिवी. स्वतःहून कबूल', आणि कागद सुमेधपुढे सरकवला.

"सही कर. तारीख टाक. आणि उद्या जेवाले ये. हात धुऊन ये."

साडेचारला ते माऊस घेऊन घरी पोचले. समृद्धी दिवाणखान्यात बसली होती, फॉर्म मांडीवर होता. नरहरी थेट कॉम्प्युटरसमोर बसले, अठ्ठ्याऐंशी नंबर उघडला. डिलीटच्या बटनावर बोट गेलं आणि थांबलं. हात जन्माचा वळलेला होता. त्यांनी सगळी नोंद निवडली, तिच्यामधून एक सरळ रेघ ओढली, बाजूला लिहिलं, 'नोंद रद्द. स्थळ निश्चित. न. लां.' पान छापून काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

समृद्धीनं वाचलं. पुन्हा वाचलं. "हे असंच छापणार? रेघेसकट? दोनशे घरांत जाईल हे."

"खालचं वाचता आलं पाहिजे."

ती हसली की रडली ते नरहरींना नीट दिसलं नाही, कारण ते घड्याळाकडे पाहत होते. तिनं फॉर्म उचलला आणि दोन्ही हातांत धरला, फाडायला.

"थांब," नरहरी म्हणाले.

"आता काय?"

"फाडायचं नाही. रेघ मार, सही कर, मले दे. फाईलले लावतो."

तिनं टेबलावरचं पेन घेतलं, अंबिकापूरवरून एक सरळ रेघ ओढली आणि सही केली. चार त्रेपन्नला फाईल छापखान्यात गेली. घाईत एकेचाळीस नंबरच्या अपेक्षा तशाच राहिल्या, त्यामुळे नंदिनी नगरच्या एम.कॉम. मुलीला या वर्षी निर्व्यसनी, सरकारी नोकरीवाला, पीछे देख असा नवरा पाहिजे आहे.

शीलाबाईंनी गमछ्यातली वाटी काढून घासायला टाकली. नरहरींनी माऊसकडे पाहिलं. तो टेबलावर उघडाच उजळत होता, मिटत होता. त्यांनी अंगठा बाराव्या बटनावर ठेवला आणि पुन्हा एकदा दाबून पाहिलं. काही आलं नाही.

"शीला," ते म्हणाले, "दुसरी वाटी हाये का?"